गैरसोय कुणाची?

सेवेसाठी परमुलखात गेलेल्या माणसाने घरच्या सुखसोयींची आठवण काढू नये, अशी आपल्याकडे एक रूढ समजूत आहे. सेवा म्हटली की त्याग आला, आणि त्याग म्हटला की मागे वळून पाहणे नाही! वेळेवर चहा मिळाला नाही म्हणून ज्याला चुकल्यासारखे होते, त्याने घरीच बसावे, असे आपण सहज बोलून जातो. मला ही समजूत पटत नाही. इतकेच नव्हे, तर ती सेवेलाच मारक आहे, असे माझे मत आहे.

प्रथम, आठवण येते ती कशाची, हे पाहू. मोठ्या ऐश्वर्याची ती क्वचितच असते. तोटी फिरवली की येणारे पाणी, आतून कडी लावता येईल असे न्हाणीघर, जिभेच्या ओळखीचे कालवण आणि न अडखळता दोन शब्द बोलता येतील असे एखादे माणूस, एवढीच ती यादी. घरी या गोष्टींकडे आपले लक्षही जात नाही, आणि त्यांचे खरे मोल नेमके तेच आहे. त्या आपोआप होतात म्हणून मन दुसऱ्या कामाला मोकळे राहते. परदेशातील खेड्यात शिकवायला किंवा शुश्रूषा करायला गेलेल्या स्वयंसेवकाला मात्र पाणी कुठून आणायचे, ते कशात उकळायचे, दुकानदाराकडे मीठ कोणत्या शब्दाने मागायचे, याचा विचार पहाटेपासून करावा लागतो. खरे काम सुरू होण्याआधीच तो निम्मा थकलेला असतो. अशा वेळी त्याला घर आठवले, तर त्यात मनाचा दुबळेपणा कोणता?

तेव्हा प्रश्न आठवण येण्याचा नाही. त्या आठवणीचे पुढे आपण काय करतो, याचा आहे. या बाबतीत एक जुनी घटना विचार करण्याजोगी आहे. अमेरिकेत १९६१ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या कारकिर्दीत ‘पीस कोअर’ ही स्वयंसेवकांची संघटना सुरू झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिची एक तुकडी नायजेरियातील इबादान येथील विद्यापीठ महाविद्यालयात प्रशिक्षण घेत होती. तुकडीतील एका तरुणीने मायदेशी एक पोस्टकार्ड लिहिले. शहरातील बकालपणा, मागासलेले राहणीमान, रस्त्यावरच उरकले जाणारे लोकांचे सारे व्यवहार, असा त्यातला मजकूर होता. ते कार्ड टपालात पडण्याआधीच हरवले आणि नायजेरियन विद्यार्थ्यांच्या हाती लागले. त्याच्या प्रती निघाल्या, वाटल्या गेल्या, निषेधाची सभा झाली. त्या तरुणीने माफी मागितली. तरी अखेर तिला तो देश सोडावा लागला.

दोष कुणाचा? दुसऱ्याचे खासगी पत्र चव्हाट्यावर आणणे शोभणारे नव्हते, हे खरेच. पण नायजेरियाला स्वातंत्र्य मिळून तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. आपल्या मदतीला आलेला पाहुणा पाठीमागे आपल्या घराविषयी काय लिहितो, हे वाचून त्या तरुणांना काय वाटले असेल, हे आपण भारतीयांनी तरी समजून घेतले पाहिजे. ‘मला इथे जमत नाही’ हे वाक्य प्रामाणिक आहे. ‘इथली माणसे अशीच आहेत’ हा निकाल आहे. पहिल्या वाक्यातून दुसरे केव्हा निघते, ते लिहिणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. स्वतःच्या गैरसोयीचे खापर यजमानाच्या माथी फुटते ते असे.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. स्वयंसेवकाच्या गैरसोयीला मुदत असते. वर्ष-दोन वर्षांनी परतीचे तिकीट ठरलेले असते. ज्या विहिरीवरून तो कुरकुरत पाणी आणतो, तिच्यावरूनच शेजारची बाई जन्मभर पाणी आणणार असते. मग गैरसोय नेमकी कुणाची?

आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे उदाहरण इथे आठवते. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने १९३८ साली पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यात ते होते. तिकडे असतानाच वडील गेल्याची बातमी आली, तरी ते परतले नाहीत. उत्तर चीनमधील त्या भागात सैनिकांचे रोजचे अन्न राळे. जोंधळ्याच्या भाकरीच्या मुलखातून गेलेल्या या माणसाने तिथली भाषा आत्मसात केली, बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाची जबाबदारी घेतली, तिथेच लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच देह ठेवला. त्यांना सोलापूर आठवत नसेल, असे कोण म्हणेल? पण घरची ओढ कायम ठेवूनही परक्या मुलखात घर करता येते, एवढे त्यांच्या चरित्रावरून दिसते. त्याची सुरुवात भाषेपासून होते. ज्याला शेजाऱ्याशी बोलता येते, त्याचे निम्मे परकेपण तिथेच संपते.

आज पत्राची वाट पाहावी लागत नाही. मोबाईलवर रोज आईचा चेहरा दिसतो. हे चांगलेच आहे. पण सारी संध्याकाळ घरच्यांशी बोलण्यात गेली, तर शेजाऱ्याच्या ओट्यावर बसायचे केव्हा? शिवाय आजचे पोस्टकार्ड म्हणजे मोबाईलवरचा फोटो. तो एका क्षणात हजारो लोकांपर्यंत जातो. इबादानच्या त्या तरुणीला निदान टपालपेटीपर्यंत चालत जाण्याइतका तरी वेळ होता!

कुणी म्हणेल, आपल्याला परदेशाशी काय कर्तव्य? पण परमुलूख पासपोर्टानेच सुरू होतो असे नाही. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरातही तिसऱ्या दिवशी घरचे जेवण आठवू लागते आणि गावाच्या अस्वच्छतेवर विनोद सुरू होतात. परीक्षा तीच, फक्त लहान. म्हणून शिबिराला निघण्यापूर्वीच्या सूचनांत पांघरूण आणि ताटवाटीबरोबर एवढे जरूर सांगावे, की घर आठवले तर खुशाल आठवू द्या. सोबत्याजवळ मन मोकळे करा. मात्र ज्या घरी आपण जेवतो, त्या घरच्या माणसाला वाचून दाखवता येणार नाही असे काही लिहू नका. एवढा एक नियम पाळला, तरी आपली सेवा गावाला जड होणार नाही.