थुंकणारा खासदार आणि अध्यक्षांचा थाट

सरकारवर टीका करण्याच्या हक्कावर बोलायचं झालं की आपण उदाहरणं देतो ती नेहमी विद्वान, सभ्य, निष्कलंक माणसांची. मला वाटतं या हक्काची खरी कसोटी उर्मट माणूस समोर आला की लागते. म्हणून आज मॅथ्यू लायनबद्दल.

जन्म आयर्लंडचा. १७६४ साली पोरवयात अमेरिकेत आला तो करारानं बांधलेला नोकर म्हणून. बैलांच्या एका जोडीच्या बदल्यात त्याचा करार दुसऱ्या मालकाकडे गेला, असं सांगतात. पुढे व्हरमाँटमध्ये जमीन घेतली, ईथन ॲलनच्या 'ग्रीन माउंटन बॉइज'मध्ये सामील झाला, इंग्रजांविरुद्ध लढला. १७७६ मध्ये एका चौकीवरचे शिपाई ठाणं सोडून निघून गेले आणि शिक्षा झाली अधिकाऱ्यांना. लायन बडतर्फ. नंतर तो पुन्हा लढला, मिलिशियात कर्नलही झाला, पण 'लाकडी तलवारवाला' हा टोमणा जन्माचा चिकटला. लढाईनंतर त्यानं फेअर हेवन गाव वसवलं, लोखंडाची भट्टी, कागदाची गिरणी, छापखाना काढला आणि १७९७ मध्ये काँग्रेसवर निवडून गेला.

तिथे जानेवारी १७९८ मध्ये कनेक्टिकटच्या रॉजर ग्रिसवोल्डनं तोच लाकडी तलवारीचा टोमणा मारला. लायन सरळ त्याच्या तोंडावर थुंकला. भर सभागृहात! पंधरवड्यानं ग्रिसवोल्ड काठी घेऊन तुटून पडला, लायननं शेकोटीचा चिमटा उचलला. (आपल्या विधानसभेतल्या गोंधळावर नाकं मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.) त्याला काढून टाकण्याच्या बाजूनं ५२, विरोधात ४४ मतं पडली. दोन तृतीयांश लागत होती, म्हणून वाचला.

त्याच वर्षी १४ जुलैला राजद्रोहाचा कायदा आला. सरकार, काँग्रेस किंवा अध्यक्षांविरुद्ध खोटं आणि बदनामीकारक लिहिलं तर गुन्हा. उपाध्यक्षांना मात्र संरक्षण नाही, कारण त्या खुर्चीवर विरोधी पक्षाचे जेफरसन बसले होते! आणि कायद्याची मुदत ३ मार्च १८०१, म्हणजे अध्यक्षांची टर्म संपण्याच्या आदल्या दिवशीपर्यंत. आता सांगा, हा कायदा देशासाठी होता की खुर्चीसाठी?

आपल्याकडे राजद्रोह म्हटलं की १९०८ चा टिळकांचा खटला आठवतो. पण तिथे सरकार परकं होतं. इथे कायदा करणारे स्वतः स्वातंत्र्यासाठी लढलेल्या पिढीतले, आणि छापण्याचं स्वातंत्र्य राज्यघटनेत घालून जेमतेम सात वर्षं झालेली.

या कायद्याखाली पहिली शिक्षा लायनलाच झाली. मुख्य गुन्हा काय, तर अध्यक्ष ॲडम्स यांना थाटामाटाची आणि खुशामतीची हाव आहे असं पत्र त्यानं वर्तमानपत्राला लिहिलं. पत्र लिहिलं तेव्हा कायदा झालासुद्धा नव्हता. छापून आलं कायद्यानंतर. 'खरं असेल तर सिद्ध करा' अशी सोय कायद्यात होती. पण थाट जास्त आहे हे मत. ते सिद्ध कसं करणार? लायननं भर कोर्टात न्यायमूर्ती पॅटरसन यांनाच विचारलं, तुम्ही अध्यक्षांकडे जेवलात, तिथला थाट दिसला नाही का? न्यायमूर्ती म्हणाले, क्वचितच जेवलो, मला साधेपणाच दिसला. लायननं पुढे विचारलं, इथल्या खानावळीपेक्षा तिथे नोकरचाकर जास्त नव्हते का? त्यावर न्यायमूर्ती गप्प. माझ्या मते खटला तिथेच उघडा पडला होता. तरी चार महिने कैद आणि १,००० डॉलर दंड.

व्हर्जेन्सच्या सोळा बाय बाराच्या कोठडीत, व्हरमाँटच्या थंडीत तो बसला. डिसेंबरात मतदान झालं आणि लोकांनी त्याला प्रतिस्पर्ध्याच्या दुपटीहून जास्त मतं देऊन पुन्हा निवडून दिलं. सभागृहानं पुन्हा त्याला काढायचा प्रयत्न केला: ४९ विरुद्ध ४५. दोन तृतीयांश पुन्हा नाहीत.

१८०१ मध्ये अध्यक्ष कोण, हे त्याच सभागृहात ठरायचं होतं. छत्तिसाव्या फेरीत व्हरमाँटचा दुसरा प्रतिनिधी बाजूला झाला आणि राज्याचं मत लायनच्या हाती आलं. त्यानं ते जेफरसनना दिलं. ज्याला गप्प करायला निघाले होते, त्याच्याच मताचा ॲडम्स यांच्या पक्षाला फटका बसला.

दंडाचे पैसे काँग्रेसनं व्याजासकट परत केले, १८४० मध्ये. लायन १८२२ मध्येच आर्कान्सामध्ये वारला होता. पैसे वारसांना मिळाले.