नाशिकच्या वस्तीतला खंड

नाशिक तीन हजार वर्षं अखंड वसलेलं आहे, असं आपण नाशिककर पाहुण्यांना घाटावर नेताना मोठ्या अभिमानानं सांगतो. त्यामागे आणखी एक समजूत असते : आधी शिकारी, मग शेतकरी, मग गाव, मग नगर, अशी समाजाची चढण एकदा लागली की माणूस मागं फिरत नाही. मला या दोन्ही गोष्टी मान्य नाहीत.

1950-51 साली पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी गोदाकाठच्या मातीच्या गढीत उत्खनन केलं. तळाला ताम्रपाषाणयुगीन जोर्वे संस्कृतीची, तांबड्यावर काळी नक्षी असलेली खापरं लागली. वर लोखंड वापरणाऱ्या लोकांचे थर होते. मधे काही शतकांचा खंड.

खणलं थोड्याच जागी, लोक नदीपलीकडे सरकले असतील, असं यावर म्हणता येईल. शंका रास्त आहे. पण प्रवरेकाठचं दायमाबाद ओस पडलं, नेवाशातही असाच खंड आहे. इ.स.पू. 1000च्या सुमारास गोदा-प्रवरेकाठची जोर्वे गावं एकामागून एक मोडली. एका गावानं जागा बदलली, एवढ्यानं याचा उलगडा होत नाही.

भीमेच्या खोऱ्यात लोक टिकले, पण कसे? घोडनदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजनं 1968पासून शंभरावर घरं उजेडात आणली. आधीच्या काळात प्रशस्त चौकोनी घरं होती. त्यांत एक पाच खोल्यांचं, आणि त्याला लागूनच धान्याचं कोठार. हे घर म्होरक्याचं असावं. इ.स.पू. 1000नंतर मात्र बहुतेक लहान गोल झोपड्या. शेती घटली, शिकार वाढली. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी याचं कारण अवर्षणात शोधलं. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी त्यावर शंका घेतली. तो वाद मिटलेला नाही.

पण याला ‘अधोगती’ म्हणणं मला खटकतं. त्या झोपड्यांतही दगावलेलं मूल जमिनीखाली, दोन रांजण तोंडाला तोंड लावून, आत ठेवलं जात होतं. मोठ्या घरांच्या काळातली ही रीत कुणी सोडली नाही. जगणं आखडलं तेव्हा माणसांनी घर लहान केलं, जनावरांमागे हिंडणं पत्करलं आणि आणखी तीनेकशे वर्षं काढली. याला मी शहाणपण म्हणतो.

गढीवर पुढं जे नाशिक उभं राहिलं, त्याची घडी निराळी होती. पांडवलेण्यातल्या शिलालेखात क्षत्रप राजाचा जावई उषवदात यानं 3000 कार्षापण नाणी कायम ठेव म्हणून जवळच्या गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे, म्हणजे कारागीर-संघांकडे, ठेवल्याची नोंद आहे : 2000 दरमहा शेकडा एक व्याजानं, 1000 पाऊण टक्क्यानं. 2000च्या व्याजातून भिक्षूंच्या चीवरांचा, म्हणजे वस्त्रांचा, खर्च भागायचा. म्होरक्याच्या कोठारातून ही पेढी उगवलेली नाही. मधे गाव मोडलेलं आहे.

तेव्हा पाहुण्यांना नाशिकचं वय जरूर सांगा, पण ‘अखंड’ हा शब्द तेवढा गाळा.