सचिवाची फाइल

निडीच्या फलाटावर रोह्याच्या गाडीची वाट पाहत होतो. सोबत आमच्या पत्रकार संघाचा नवा सचिव. नव्या पदाधिकाऱ्यांसाठी नेतृत्व शिबिर घ्यायचं ठरलंय. त्याने विचारलं, "दादा, तिथे काय शिकवणार? भाषण कसं करायचं ते?"

मी त्याला कोरा कागद दिला. "समज, वाळूउपशाची बातमी छापली म्हणून आपल्यातल्या एकाला काल रात्री मारहाण झाली. तू सचिव. तक्रार लिही."

त्याने सुरुवात केली, 'आम्ही या भ्याड हल्ल्याचा तीव्र निषेध करतो...' ते निवेदन झालं. तक्रारीत वेळ हवी, जागा हवी, मोबाइल हिसकावला का ते हवं, बातमी कोणत्या तारखेला छापून आली ते हवं, साक्षीदार हवेत. शिवाय कायद्याचं नाव. पत्रकारांवरच्या हल्ल्यांसाठी महाराष्ट्रात 2017 चा स्वतंत्र कायदा आहे. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र. शिक्षा 3 वर्षांपर्यंत. तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही. संघटना वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरल्या, तेव्हा तो झाला. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणासाठीही रायगडचे पत्रकार असेच उतरले होते. आंदोलन आम्हाला जमतं. कागद जमत नाहीत, आणि ते मला सलतं.

कारण या कायद्यातला पत्रकार म्हणजे माध्यमसंस्थेत नियमित किंवा कंत्राटी कामावर असलेला माणूस. तालुक्याच्या वार्ताहराकडे असतं काय? छापील ओळखपत्र, जाहिरातीचं पावतीपुस्तक आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे आदेश. राजापूरला रिफायनरीवर लिहिणारे शशिकांत वारिशे यांना 6 फेब्रुवारी 2023 ला गाडीने उडवलं, दुसऱ्या दिवशी ते गेले. खुनाचा गुन्हा दाखल झाला. तेव्हापासून मला वाटतं, सचिवाचं पहिलं काम हार-तुऱ्यांचं नाही. प्रत्येक सभासदाचं नेमणूकपत्र, कात्रणं, मानधनाचे पुरावे आणि घरच्यांचा नंबर त्याच्या फाइलला लागलेला हवा. रात्री दोनला फोन आला, तर कपाट उघडून सरळ पोलीस ठाण्यात जाता आलं पाहिजे.

सचिवाने तक्रार तिसऱ्यांदा लिहिली. या वेळी चांगली उतरली. कागदाची घडी खिशात ठेवताना तो हळूच म्हणाला, "दादा, माझ्याकडेच पत्र नाही. सहा वर्षं झाली बातम्या देतोय."

"मागितलंस कधी?"

"मागितलं तर काम जाईल."

नागोठण्याकडून गाडीचा भोंगा ऐकू आला. मी म्हटलं, तू एकट्याने मागू नकोस. सगळ्यांची नावं घालून संघाच्या लेटरहेडवर मागू. शिबिराच्या पहिल्या तासाला ते पत्रच लिहायला घेऊ.