अंग चोरण्याची सवय

धर्म सोडावयास एक दिवस पुरतो. त्या धर्माने अंगात मुरवलेली सवय सोडावयास एक पिढीही पुरत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो माणसांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. विटाळ मानणारा धर्म त्या माणसांनी तेथेच टाकला. परंतु विटाळाने शिकवलेले मागे सरणे मात्र अनेकांबरोबर घरी परत आले.

आमच्या वाशीम जिल्ह्यात ते आजही भेटते. पंगतीत मधली जागा रिकामी असूनही कडेला बसणारा म्हातारा पाहा. सभेत दाराजवळचीच खुर्ची धरणारा पदवीधर पाहा. घसा कोरडा पडला असूनही परक्या घरी ‘नको, आताच पिऊन आले’ म्हणणारी बाई पाहा. यांना त्या घटकेला कोणी हटकलेले नसते. आजोबांना हटकले होते, त्याची धास्ती नातवाने न सांगता उचललेली असते.

यावर गावातल्या शहाण्यांचे उत्तर ठरलेले: “आता कोण अडवतो? हेच मागे राहतात!” अहो, २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ज्यांनी प्राशन केले, त्यांच्यापैकी कित्येकांना त्याच दिवशी मार खावा लागला. पाण्यासाठी मार खाल्लेल्या समाजाने पाणी मागताना अडखळावे, यात नवल ते कसले? अंग चोरणे हा भित्रेपणा नव्हे. जीव वाचवण्याची ती विद्या होती. ती ज्यांनी शिकावयास लावली, त्यांनीच आज तिला हसावे, हा शुद्ध निलाजरेपणा आहे. ‘कोण अडवतो’ असे विचारणाऱ्याने आपल्या घरात कोणासाठी वेगळा कप ठेवला आहे काय, ते आधी पाहावे.

दुसरे उत्तर आमच्याच वस्तीतले: “दीक्षा झाली, प्रतिज्ञा पाठ आहेत, आता उरले काय?” उरले ते सारे दहाव्या प्रतिज्ञेत आहे. नववी प्रतिज्ञा सर्व माणसे समान मानण्याची. दहावी समता स्थापन करण्यासाठी झटण्याची. मानणे मनात होते, झटावयास हातपाय लागतात. बाबासाहेबांनी हे पुरते ओळखले होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडलाच त्यांनी बायकांना लुगडे नेसण्याची जुनी पद्धत आणि अंगावरचे जडशीळ दागिने टाकावयास सांगितले, आणि बायकांनी नेसण बदलले. तत्त्वज्ञानाच्या एवढ्या मोठ्या पंडिताने लुगड्याविषयी का बोलावे? अंगावरची खूण अंगावरूनच काढावी लागते, म्हणून.

तेव्हा उपाय व्याख्यानाचा नाही, सरावाचा आहे. टाळत आलो अशी एकच गोष्ट निवडावी आणि ती जाणूनबुजून करावी. पाणी मागावे. पुढच्या रांगेत बसावे. आडनाव विचारले तर खणखणीत सांगावे. पहिल्या दिवशी छाती धडधडेल, कान तापतील. तरी उठू नये. दहाव्या दिवशी धडधड कमी होते. जेथे खरोखर मार बसण्याचा धोका आहे, तेथे सावध राहणे ही सवय नव्हे, शहाणपण आहे; तेथे चौघांनी मिळून जावे, आणि १९५५ व १९८९ चे कायदे त्यासाठीच आहेत, हे विसरू नये. मुलांना मात्र एकटे पुढे ढकलू नये. बापाने आधी बसावे, मग मूल शेजारी बसते. माझ्या वर्गात पाणी देण्याची पाळी हजेरीच्या क्रमाने येते. ‘ज्याला वाटेल त्याने उठावे’ म्हटले, तर कोण बसून राहील हे मला आधीच ठाऊक असते.

आणि वाचकहो, अर्धे काम तुमच्या उंबऱ्याच्या आतले आहे. या दिवाळीत कोणी दारात अंग चोरून उभा राहिला, तर ‘या ना’ असे नुसते म्हणून थांबू नका. घरातली माणसे ज्या पेल्याने पितात, त्याच पेल्यातून न मागता पाणी द्या, फराळाचे ताट आपल्या ताटाशेजारी मांडा, आणि तो बसेपर्यंत तुम्हीही बसू नका.