अब्बांचा तळपाय

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. जुम्याचा दिवस आणि दिग्रसचे ऊन. दारात चपला काढून लोक उघड्या अंगणातल्या फरशीवरून वुजूच्या नळांकडे अक्षरशः पळत होते, टाचा उचलून. आमचे अब्बा मात्र शांतपणे चालत गेले, वुजू केला आणि तसेच परत आले. आम्हाला त्यांचे कौतुक वाटले! संध्याकाळी अम्मीला चादरीवर ओला डाग दिसला, तेव्हा कळले की उजव्या तळपायाला रुपयाएवढा फोड येऊन फुटलाही होता. अब्बांना पत्ताच नव्हता.

अब्बांना शुगर आहे त्याला चौदा वर्षे झाली. गोळी ते चुकवत नाहीत, पण गोळी घेतली की काम संपले असे त्यांनाही वाटे आणि आम्हालाही. यवतमाळला डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनच्या बारीक धाग्याने तळपायाला ठिकठिकाणी स्पर्श करून "कळते का?" असे विचारले. चार ठिकाणी अब्बा गप्पच राहिले. रक्तातली साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की पायाच्या नसा बधिर होतात; पोळले, टोचले, चपलेने घासले तरी दुखत नाही. दुखत नाही म्हणून कोणी पाहत नाही आणि जखम आत आत जाते. ती जखम भरायला अडीच महिने लागले. पाय वाचला, अल्हम्दुलिल्लाह.

आमच्या मनाला लागले ते वेगळेच. दिवसातून पाच वेळा पाय धुणारा माणूस, पण त्या पायाकडे कधी कोणी पाहिले नव्हते.

आता असरच्या वुजूनंतर, उजेड असतानाच, अब्बा बाजेवर बसतात आणि नातू तळपाय बघतो. तो घरी नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून अब्बा स्वतः पाहतात. बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या, कारण ओल राहिली की तिथे बुरशी धरते. टाचांना खोबरेल तेल, बेचक्यांत मात्र नाही. घरातही चपला. बूट घालण्यापूर्वी झटकायचे. थंडीत गरम पाण्याची पिशवी पायाला लावायची नाही. सगळे मिळून चार मिनिटे लागतात आणि वेळ ठरलेली असल्यामुळे आठवण करून द्यावी लागत नाही. नव्याने लावलेल्या सवयी पंधरा दिवसांत सुटतात, हे आम्ही शाळेत रोज पाहतो. आधीच्या सवयीला बांधलेली सवय टिकते.

शेजारी म्हणायचे, "मास्तर, तुमचे अब्बा तर सडपातळ, त्यांना शुगर कशी?" पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याचे उत्तर स्वतःचाच दाखला देऊन दिले आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९ टक्के आणि याज्ञिक यांची २१ टक्के! आपल्याकडच्या बारीक माणसातही चरबी लपलेली असते. तेव्हा काट्यावर विसंबू नका, रक्त तपासा. तीस वर्षांवरील कोणाचीही शुगर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात.

अब्बांच्या निमित्ताने अम्मीचेही रक्त तपासले. आयुष्यात पहिल्यांदा! उपाशीपोटी ११८ निघाली. १०० च्या आत हवी, १२६ पासून मधुमेह धरतात. म्हणजे अम्मी उंबरठ्यावर. खरे सांगायचे तर आम्हाला लाज वाटली. सगळ्यांना वाढून झाल्यावर, रात्री साडेदहाला, पातेल्यात उरलेला भात ती संपवायची. अन्न वाया जाऊ नये म्हणून. पथ्य अब्बांचे चालले होते, आणि शिळेपाके पोटात जात होते ते तिच्या.

म्हणून आता वेगळे ताट नाही. चहातली साखर सगळ्यांचीच, दर आठवड्याला थोडी थोडी, कमी केली. पहिल्या आठवड्यात अम्मी म्हणाली, "ये चाय है के काढा?" आता तिला पाहुण्यांच्या घरचा चहा गोड लागतो. रात्री ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडी किंवा मेथी. आमच्या जिल्ह्यात कपाशी-सोयाबीनपुढे ज्वारी मागे पडली, ती विकत आणावी लागते. भाकरीने शुगर वाढतच नाही असे समजून चार खाल्ल्या तर मात्र ती वाढतेच, आमच्याकडे दीड. वलीम्याच्या दावतीत आधी काकडी-कांदा आणि सालन, बिर्याणी शेवटी आणि थोडी. जेवण मगरिबनंतर लगेच, सगळ्यांचे एकत्र. मग अब्बा ईशाच्या नमाजहून लांबच्या गल्लीने घरी येतात. अम्मीला रात्री रस्त्यावर फिरणे पटत नाही, ती गच्चीवर पंधरा-वीस मिनिटे येरझारा घालते. सुरुवातीला एकटी होती, आता शेजारच्या दोघी येतात. गप्पांपायी पंधराची तीस मिनिटे होतात.

रोज्यांचा प्रश्न बरेच जण विचारतात. रमजानच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटा, गोळ्यांच्या वेळा त्यांच्याकडूनच बदलून घ्या. रोज्यात शुगर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर, तर रोजा लगेच सोडावा असे डॉक्टर सांगतात. हात थरथरले, घाम फुटला तर तपासायला यंत्र नसले तरी वाट पाहू नका. तीन चमचे साखर पाण्यातून घ्या. रुग्णाला सवलत आहे, हे अब्बांना पटवायला आम्हाला दोन रमजान लागले.

तीन महिन्यांनी अम्मीची शुगर १०७ आली. अब्बांची अजून वर-खाली होते. जुम्याला ते आता घरूनच वुजू करून निघतात, जाड सुती मोजे घालून. गेल्या महिन्यात मशिदीच्या कमिटीला त्यांनी फरशीवर तागाची पट्टी अंथरायला सांगितले. पट्टी आली आहे, पण नळापासून दोन हात अलीकडेच संपते. अब्बा पुढच्या जुम्याला पुन्हा बोलणार आहेत.