पाठीचे यंत्रशास्त्र

तरफ, टेकू, भारभुजा, बलभुजा हे शब्द आम्ही शिक्षक वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो; उदाहरणे मात्र अडकित्त्याची आणि कात्रीची देत राहिलो. समोर बसलेल्या विद्यार्थ्याच्या देहातही हेच यंत्र आहे आणि त्याच्या हमाल वडिलांची कंबर याच यंत्राच्या नियमाने गेली, हे सांगायचे राहून गेले. ही आमची चूक होती, असे आम्हांस आज वाटते.

हा विचार नवा नाही. इटलीच्या जोव्हान्नी बोरेल्ली यांचा प्राण्यांच्या हालचालींवरील ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १६८०-८१ मध्ये प्रसिद्ध झाला. हाड म्हणजे तरफ आणि सांधा म्हणजे टेकू मानून, उचललेल्या भाराहून स्नायूला कितीतरी अधिक बल लावावे लागते, हे त्यांनी गणिताने दाखविले.

साधा हिशेब पाहावा. वाकून २० किलोचे ओझे कंबरेच्या मणक्यापासून ४० सेंटिमीटर पुढे धरले, तर मणक्यामागे सुमारे ५ सेंटिमीटरवर असलेल्या स्नायूंना त्या ओझ्यापुरतेच १६० किलो वजनाइतके बल लावावे लागते. धडाचा भार निराळाच. हा सारा दाब मणक्यांमधील गादी सोसते. तेच ओझे अंगाशी, २० सेंटिमीटरवर घेतले, तर हे बल निम्म्यावर येते.

दुसरा धडा झिजेचा. लोखंडी आस नेहमी एकाच मोठ्या भाराने तुटत नाही. लहान भार पुनःपुन्हा पडून तिच्यातील सूक्ष्म भेग वाढत जाते. हाडाचेही तसेच. सततच्या संचलनाने सैनिकांच्या पायांची हाडे चिरतात, ती यामुळेच. मात्र लोखंड आपली भेग बुजवीत नाही. जिवंत हाड बुजविते, त्याला अवधी मिळाला तर.

म्हणून विश्रांती ही मालकाची दया नव्हे. ती शरीरयंत्राची अट आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते सांभाळताना बाबासाहेबांनी आठ तासांच्या दिवसाचा आग्रह धरला. त्या आग्रहामागे न्याय होता. यंत्रशास्त्रही त्याच बाजूने साक्ष देते.

आमचे अनेक माजी विद्यार्थी आज अभियंते आहेत. पुलाच्या तुळईवर किती भार घालावा, हे ते अचूक सांगतात. माणसाच्या पाठीवर किती घालावा, हेही त्यांनी तितक्याच ठामपणे सांगावे. ज्या पाठींनी त्यांना शाळेपर्यंत आणले, त्यांचे एवढे ऋण त्यांच्यावर आहेच.