पातेल्यातला दुधाचा वाटा



वर्षावास सुरू झाला की आपल्या मावळात पाऊस दिवसदिवस थांबत नाही. लोणावळ्याला आलेले पाहुणे हॉटेलात बसून मक्याचे घट्ट, दाट सूप मागवतात. असे सूप मलईशिवाय होतच नाही, हा समज खोटा आहे. दूध, बटाटा आणि मूठभर तांदळाची कणी एवढ्यावर ते आपल्या घरी होते.

दूध, बटाटे घातलेल्या अशा दाट सूपाला अमेरिकेत चाउडर म्हणतात. तिथल्या ईशान्य किनाऱ्यावर मासे, बटाटे, कांदा एकाच भांड्यात शिजवून कोळी आणि खलाशी ते खात. म्हणजे तेही कष्टकऱ्यांचेच अन्न. आपल्याला तर हा प्रकार मुळीच परका नाही. विनयपिटकातील महावग्गात तथागतांनी यागूचे, म्हणजे तांदळाच्या पेजेचे, दहा गुण सांगितले आहेत. तिने आयुष्य, वर्ण, सुख, बळ आणि प्रतिभा मिळते. भूक भागते, तहान शमते, वात सरतो, मूत्राशय शुद्ध होते आणि न पचलेले अन्न पचते.

आता पाच माणसांचा हिशेब. मक्याची कोवळी कणसे ३, मध्यम बटाटे २, गाजर १, मूठभर फरसबी, कांदा १, लसूण ५ पाकळ्या, इंद्रायणी तांदळाची कणी मूठभर, दूध अर्धा लिटर, तूप किंवा तेल १ चमचा, मीठ व मिरपूड.

कणसाचे दाणे सुरीने काढा. उरलेली बुरकुंडे फेकू नका. एक लिटर पाण्यात १५ मिनिटे उकळा आणि मग काढून टाका. मक्याची गोडी त्या पाण्यात उतरते. पातेल्यात तुपावर कांदा-लसूण मऊ होईपर्यंत परता, लाल करू नका. त्यात बटाट्याच्या फोडी, धुतलेली कणी आणि ते पाणी घालून मऊ शिजवा. अर्धे बटाटे पळीने पातेल्यातच ठेचा. निम्मे मक्याचे दाणे वाटून घाला, निम्मे अख्खे घाला. गाजर, फरसबी बारीक चिरून टाका. कणी तळाला लागते, म्हणून ढवळत राहा. भाज्या शिजल्या की तापवलेले दूध घाला, आच मंद करा, मीठ-मिरपूड टाका. पाच मिनिटांत उतरवा. टोमॅटो, लिंबू, चिंच घालू नका, दूध नासेल. इंद्रायणी चिकट असल्याने दाटपणा आपोआप येतो. सोबत भाकरी असली की रात्रीचे जेवण झाले.

कोणी म्हणेल, सूपात अर्धा लिटर दूध ही चैन झाली. त्यांना बाबासाहेबांच्या १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ची आठवण द्यावीशी वाटते. जयपूर संस्थानातील चकवारा गावात तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्य माणसाने आपल्या लोकांना जेवण दिले. पानात तूप वाढले, एवढाच गुन्हा. शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन धावून आले, अन्नाची नासधूस केली, जेवणाऱ्यांना मारले. ही हकिगत बाबासाहेबांनी त्यात नोंदवली आहे. कोणी काय खावे, हेसुद्धा जात ठरवत होती. म्हणून आपल्या पातेल्यातले दूध ही चैन नव्हे.

पण हा हक्क उंबऱ्याच्या आतही मिळाला पाहिजे. अनेक घरांत आधी पुरुष, मग मुले, आणि शेवटी बाई जेवते. पातेले कमी पडले की त्यात पाणी वाढते, आणि ते पाणी तिच्याच वाट्याला येते. दिवसभर धुणीभांडी करणारी किंवा भातलावणीत वाकलेली बाई रात्री ते पाणी पिऊन झोपते. घरात समता नसेल तर सभेत तिच्या घोषणा देऊन काय उपयोग?

वर दिलेल्या मापाने प्रत्येकी साधारण दोन वाट्या सूप होते. पाच वाट्या एकदम मांडा, वाढणारीची वाटी त्यांतच ठेवा, पळी तळापासून ढवळून सारखे वाढा. आणि वाढण्याचे काम एखाद्या दिवशी घरातल्या पुरुषाने करावे.

जयभीम! नमो बुद्धाय!